मोठ्या बाईंनी घेतलेल्या मुलाखती

आमच्या मोठ्या बाई पाचवीतल्या मुलीलाही ‘अहो’ म्हणत. जिन्यावरून उड्या मारत उतरणारी एखादी चिमुरडी समोर आली की त्या थांबत, चष्म्यावरून तिच्याकडे बघत आणि शांतपणे विचारत, “अहो, आपण पडलात तर आम्ही आपल्या आईला काय सांगायचं?” मुलगी जागच्या जागी थिजायची. दुसऱ्या कुठल्या शाळेत मुख्याध्यापिका ओरडत असतील, छडी उगारत असतील. नारायण पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मात्र एक ‘आपण’ पुरत असे.

मी तिथे गणित शिकवत होते. पुढे पर्यवेक्षिका झाले, त्यामुळे बाईंच्या खोलीत माझी ये-जा बरीच होती. त्यांच्या टेबलावर फायलींच्या शेजारी चॉकलेटचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात सुया, निळा-पांढरा दोरा आणि गणवेशाची बटणं. कुणाचं बटण तुटलेलं दिसलं, कुणाच्या स्कर्टची शिवण उसवलेली दिसली की तो कपडा मागवून घेत आणि शिवत बसत. पालक गाऱ्हाणं सांगत असत, शिक्षणाधिकारी आलेले असत, संस्थेची बैठक चालू असे, बाईंची सुई थांबत नसे. लोकांना वाटे, यांचं लक्ष नाही. मग दोरा दातांनी तोडून त्या असं एखादं वाक्य बोलत की समोरचा पुढचं बोलणं विसरे. एकदा एका शिक्षिकेने वर्षात दुसऱ्यांदा त्याच कारणासाठी रजेचा अर्ज दिला, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “आपल्या सासूबाई पुन्हा अत्यवस्थ आहेत. मोठ्या चिवट दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांगा.”

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. घरी भाऊ-भावजय होते, पण बाईंचं सगळं शाळेतच. जेवायच्या उभ्याने, खिडकीपाशी, मैदानावर नजर ठेवून. कौतुक त्यांच्या तोंडून ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. “ठीक” म्हणाल्या की आम्ही शिक्षिका आपापसांत पेढे वाटल्यासारखं करायचो. आणि दहावीचा निकाल हा त्यांचा जीव की प्राण. शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे. त्यासाठी त्या कठोर होत्या. नववीत जी मुलगी फारच मागे पडे तिच्या आईवडिलांना बोलावून त्या सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगत. म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि खासगी विद्यार्थिनी म्हणून बाहेरून दहावीला बसायचं. मुलगी नापास झाली तरी शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. सगळ्याच शाळा हे करतात, आमचीही करत असे. त्या आईवडिलांशीही बाई ‘आपण’ म्हणूनच बोलत.

हे सगळं एका सकाळी बदललं.

परिपाठाला रोज एका वर्गाची पाळी असे. प्रार्थना, दिनविशेष, मग एक मुलगी वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवायची. त्या दिवशी नववीतली वैष्णवी उभी होती. ही लोणी काळभोरहून बसने येणारी मुलगी. अक्षर मोत्यासारखं, तोंडी विचारलं की उत्तर तयार, पेपरात मात्र गुण कमी. आळशी आहे, असं आम्ही सगळ्या म्हणायचो. तिने वर्तमानपत्र दोन्ही हातांत धरलं आणि खणखणीत आवाजात बातम्या वाचल्या. गुरुवारी शहरात पाणी येणार नाही, मेट्रोच्या कामामुळे अमुक रस्ता बंद आहे, असं बरंच काही. कुठे अडखळली नाही.

बाई तिच्या मागेच उभ्या होत्या. त्यांना तिच्या खांद्यावरून कागद दिसत होता. शिपाईमावशींनी त्या दिवशी घाईत रद्दीतला जुना अंक आणून दिला होता. समोर उघडलेल्या पानावर दसऱ्याची सोन्याच्या दागिन्यांची पानभर जाहिरात होती. पाण्याची बातमी त्या पानावर नव्हती, त्या अंकातच नव्हती. मागाहून कळलं, सकाळी बसमध्ये मैत्रिणीने त्या दिवशीचा पेपर वाचून दाखवला होता आणि वैष्णवीने तो ऐकून पाठ केला होता.

मुलीने कागदाची घडी केली तेव्हा बाई म्हणाल्या, “आपण सुरेख वाचलंत. बसा.”

दुपारी त्यांनी मला बोलावलं. डबा बंद होता, हात मांडीवर होते. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. सकाळी काय घडलं ते त्यांनी मला सांगितलं आणि म्हणाल्या, “पाचवीपासून ही मुलगी आपल्याकडे आहे. तिला वाचता येत नाही हे तिने आपल्याला कळू दिलं नाही. मला सांगा, आपल्या शाळेत ढ कोण आहे?”

उत्तर द्यायचा तो प्रश्नच नव्हता.

त्यानंतर बाईंनी ध्यास घेतला की शाळेला एक स्पेशल एज्युकेटर हवी. कागदोपत्री त्या पदाचं नाव लांबलचक होतं, पण काम सरळ होतं: ज्या मुलींना वाचणं, लिहिणं, आकडेमोड किंवा नुसतं वर्गात बसणंही इतरांपेक्षा जड जातं त्या ओळखायच्या, त्यांना शिकवायचं आणि बाकीच्या शिक्षिकांनाही शिकवायला शिकवायचं. संस्थेचे कार्याध्यक्ष नाखूश होते. ते सज्जन गृहस्थ होते, शाळेवर त्यांचं प्रेमही होतं. पण बैठकीत त्यांनी स्पष्ट विचारलं की अशी व्यक्ती नेमली की आपली शाळा ‘तशा’ मुलींची शाळा म्हणून ओळखली जाणार नाही का? या एका मुलीसाठी एवढा घाट कशाला? तिला सतरा नंबर भरायला सांगावा, नेहमीप्रमाणे.

बाई गणवेशाच्या एका पिनोफ्रॉकला बटण लावत होत्या. त्यांनी ते पूर्ण लावलं, दोरा तोडला.

“नेहमीप्रमाणे मी कुणाकुणाला सांगितलं ते मला आठवतं,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हजेरी घेताना घेतात तशी, एका सुरात. पहिली काही नावं झाल्यावर कार्याध्यक्षांनी हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला, पण त्या थांबल्या नाहीत. पंखा फिरत होता आणि नावं येत होती. शेवटचं नाव झाल्यावर त्या म्हणाल्या, “यांतल्या किती जणींना वाचताच येत नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. आता मुलाखती लावू का?”

कुणी नाही म्हणालं नाही.

मुलाखतींना बाईंनी आपल्या पद्धतीची एक रीत ठरवली. प्रमाणपत्रं बघायची, चार प्रश्न विचारायचे आणि मग उमेदवाराला शेजारच्या भूगोलाच्या खोलीत पाठवायचं. तिथे वैष्णवीला बसवलेलं असे. अर्धा तास तिच्याशी बोलून यायचं आणि काय वाटलं ते समितीला सांगायचं. समितीत बाई, कार्याध्यक्ष आणि मी. वैष्णवीला सांगितलं होतं की काही बाई येतील, तुझ्याशी गप्पा मारतील.

पहिल्या आल्या त्यांचं शिक्षण चांगलं होतं आणि तिला वाचायला का जड जातं ते त्यांनी नीट ओळखलं. कुठल्या चाचण्या करायला हव्यात तेही सांगितलं. दुसऱ्या म्हणाल्या की मुलगी हट्टी आहे, घरी लक्ष देणारं कुणी नसावं. तिसऱ्या एका संचालकांच्या ओळखीच्या होत्या. त्यांना मुलगी फार लाजाळू वाटली. मी मधूनमधून भूगोलाच्या खोलीत डोकावत होते. दार वाजलं की वैष्णवी उठून उभी राही. दर वेळी ती आधीपेक्षा थोडी हळू उठायची.

चौथ्या उमेदवार मेश्राम मॅडम. मूळच्या यवतमाळकडच्या, नवऱ्याची नोकरी चाकणच्या कारखान्यात म्हणून इकडे आलेल्या. पिंपरीत एका विशेष शाळेत काही वर्षं शिकवत होत्या. हातात हेल्मेट, केस विस्कटलेले. बसल्या बसल्या समोरचं ग्लासभर पाणी संपवलं आणि आणखी मागितलं. कार्याध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. प्रश्न झाले, उत्तरंही ठीक होती. मग बाईंनी सांगितलं की शेजारच्या खोलीत एक विद्यार्थिनी आहे, तिच्याशी बोलून या.

मेश्राम मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “त्या पोरीला माहीत आहे का, ती तिथं कशासाठी बसून राहिली आहे?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग मी जाणार नाही, बाई. तुम्ही परीक्षा माझी घेताय असं म्हणता, पण देऊन ती राहिली आहे. सकाळपासून.”

कार्याध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले की ही समितीची पद्धत आहे, आणि उमेदवाराने ती पाळावी अशी अपेक्षा असते. मेश्राम मॅडमनी मान हलवली. पद्धत पाळता येणार नाही, त्यांनी माफी मागून सांगितलं, आणि हेल्मेट उचललं.

बाईंना उलट बोललेलं खपत नसे. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळाला टोचून ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि उठल्या. “आपण बसा,” मेश्राम मॅडमना म्हणाल्या. मग मला खुणेने सोबत घेतलं आणि भूगोलाच्या खोलीत गेल्या.

वैष्णवी उभी राहिली. बाई तिच्या समोरच्या बाकावर बसल्या. त्या बाकावर त्यांचे गुडघे नीट मावत नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, “आपल्याला इथे का बसवलं ते मी सांगितलं नाही. आपल्याला वाचायला अडचण येते. त्यासाठी एक बाई नेमायच्या आहेत. कोण चांगल्या, ते मी आपल्यावरून ठरवत होते. न विचारता. ते चुकलं. मी आपली माफी मागते.”

वैष्णवीला बहुधा माफीचं काही कळलं नाही. ती एकाच गोष्टीशी अडली होती. “तुमाला माहीत हाय?”

“हो. परिपाठाच्या दिवसापासून.”

तिने बाकाच्या कडेवर बोट फिरवलं. शाळेत आल्यावर ती शहरातल्या मुलींसारखं बोलायची, पण त्या वेळी तिच्या तोंडी घरची भाषा आली. “मग तुमी ‘सुरेख वाचलंत’ का म्हणलात?”

“मला दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही.”

“मला वाटलं, तुमाला बी कळलं न्हाई,” वैष्णवी म्हणाली. “मी लई खूश झाले हुते त्या दिवशी. घरी जाऊन सांगितलं मी, मोठ्या बाईंनी शाबासकी दिली.”

बाईंनी चष्मा काढला. त्या रडल्या नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी विचारलं की एक बाई शेजारच्या खोलीत बसल्या आहेत, आपल्याला त्यांच्याशी बोलायचं आहे का? नको असेल तर आत्ता वर्गात जाता येईल, कुणी काही म्हणणार नाही. वैष्णवीने विचार केला आणि म्हणाली की बोलते, पण प्रश्न मी विचारणार.

तशी ती मुलाखत झाली. समितीसमोर वैष्णवी उभी राहिली आणि तिने मेश्राम मॅडमना एकच प्रश्न विचारला. “मला वाचता येईल का?”

मेश्राम मॅडमनी हेल्मेट खाली ठेवलं. “थोडं येईल,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मैत्रिणीसारखं झरझर नाही येणार कदाचित, आत्ता खोटं सांगत नाही. ऐकून शिकता येईल. परीक्षेला लेखनिक मिळतो, वेळ जास्त मिळतो, त्याची सोय आहे. पण मेहनत खूप आहे बेटा. एक मात्र होईल. रोज सकाळी बसमध्ये पेपर पाठ नाही करावा लागणार.”

पेपरची गोष्ट मीच त्यांना मघाशी, वैष्णवी आत यायच्या आधी, सांगितली होती. वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि वर्गात जाऊ का, असं विचारून निघून गेली.

मागाहून कार्याध्यक्ष म्हणाले की मेश्राम मॅडम प्रामाणिक वाटतात, पण भाषा शुद्ध नाही. आपल्या शाळेला भाषेची परंपरा आहे.

“माझी शुद्ध आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तिचा त्या मुलीला काय उपयोग झाला ते आपल्या पर्यवेक्षिका शेजारच्या खोलीत ऐकून आल्या आहेत. त्यांना विचारा.”

मेश्राम मॅडम रुजू झाल्या. भूगोलाची खोली त्यांची झाली. त्यांनी पहिलं काम केलं ते आम्हा शिक्षिकांना एकेका वर्गात शेवटच्या बाकावर बसवण्याचं. तिथून फळा कसा दिसतो, आपलं बोलणं किती पोचतं, ते आम्ही पाहिलं. बाईही बसल्या.

लेखनिक मिळण्यासाठी लागणाऱ्या वैष्णवीच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चाचण्या करायच्या होत्या. तिचे वडील तयार होईनात. टेम्पो चालवणारा साधा माणूस, मुलीवर जीव होता. पोरीला शिक्का लागेल, उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगू, असं त्यांचं म्हणणं. मेश्राम मॅडमबरोबर बाई स्वतः लोणीला गेल्या. मीही होते. अंगणात बाजेवर बसून त्यांनी त्या गृहस्थांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “लग्नाच्या वेळी मला बोलवा. मी येऊन सांगेन, या मुलीने एका सबंध शाळेला वर्षानुवर्षं हातोहात फसवलं. त्यात मी होते. हुशारीचा याहून मोठा दाखला मी आजवर कुणाला दिलेला नाही.” वडील हसले आणि चाचण्यांना तयार झाले.

पुढच्या वर्षी वैष्णवी आमच्याच शाळेतून, लेखनिक घेऊन दहावीला बसली आणि पास झाली. गुण सांगण्यासारखे नव्हते, तिने ते सगळ्यांना सांगितले. त्या साली दुसरीच कुणीतरी नापास झाल्यामुळे शाळेचा निकाल शंभर टक्के लागला नाही. कार्याध्यक्षांनी ते बोलून दाखवलं. पण ऐकायला मोठ्या बाई नव्हत्या. त्या आधीच निवृत्त झाल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर बाई काय करतील याची आम्हाला काळजी होती. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. बैठकीत ज्यांची नावं घेतली होती त्या मुलींना त्या शोधू लागल्या. त्या आता मुली राहिल्या नव्हत्या. पत्ते बदललेले, आडनावं बदललेली. एकीची मावशी मंडईत भाजी विकायची, तिच्याकडून एकीचा पत्ता, तिच्याकडून दुसरीचा. सुट्टीच्या दिवशी कधी मी बरोबर जाई. काय बोलणार, असं मी विचारलं तर म्हणत, “गेल्यावर कळेल.”

एकीने दार उघडलं, ओळखलं आणि बंद केलं. बाई जिना उतरताना म्हणाल्या, “बरोबर आहे.” एक जण भेटली तिला काही आठवतच नव्हतं. तिचं छान चाललं होतं, तिने आम्हाला आग्रहाने उपमा खाऊ घातला. बाईंनी तो सगळा संपवला.

हडपसरच्या पलीकडे एका चाळीत सुनीता राहत होती. शिलाईकाम करायची. नववीत तिचं नाव काढलं होतं, सतरा नंबरने ती बसली आणि नापास झाली, आणि मग घरच्यांनी तो विषय संपवला. तिने आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसून राहिली. बाईंनी जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. त्या वेळी आपल्याला शाळेतून काढलं, ते मी काढलं. आपल्यात काही कमी नव्हतं. आपल्याला कसं शिकवायचं ते आम्हाला येत नव्हतं, आणि ते शिकून घ्यायची आम्ही तसदी घेतली नाही.

सुनीताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. मला वाटलं, आता ही निघा म्हणेल.

“बाई, हे आमच्या आईला सांगता का?” ती म्हणाली.

आई आतल्या खोलीत पलंगावर पडून होती. अंगाने वाळलेली, पण नजर तरतरीत. ऐकायला कमी येत होतं. सुनीताने तिला उशीला टेकवून बसवलं आणि कानाशी जाऊन सांगितलं की शाळेतल्या मोठ्या बाई आल्या आहेत. म्हातारीने हात जोडले. मग जुन्या सवयीने सांगायला लागली की पोरीचं डोकंच नव्हतं चालत, फार मारलं आम्ही हिला, तिच्या बापाने तर पुस्तकं बंबात घातली, पण डोकंच नव्हतं त्याला कोण काय करणार. सुनीता भिंतीकडे बघत उभी होती. हे तिने पुष्कळदा ऐकलेलं असावं.

मोठ्या बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. एवढी वर्षं मी त्यांना ओळखत होते, त्यांनी आवाज चढवलेला कधी ऐकला नव्हता. त्या मोठ्याने म्हणाल्या, चाळीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “आपल्या मुलीचं डोकं चांगलं होतं. चूक आमची होती. शाळेची. माझी.”

म्हातारीने बाईंकडे पाहिलं. मग सुनीताकडे पाहिलं, आणि बघतच राहिली. सुनीता अजून भिंतीकडे तोंड करून होती. शेवटी म्हातारीने हात लांब करून बाईंचं मनगट धरलं आणि कान त्यांच्या तोंडाजवळ आणला.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा सांगितलं.